एकशे सतरा नंबर

उद्यमनगरात, दोन लेथ-शेडींच्या फटीत
वडलांचं वाचनालय : सहा बाय आठ,
दिवसाला चार आणे, अनामत पाच रुपये.
पुस्तक फाडणाऱ्याशी बोलणं बंद.

भिंतभर घोडे.
खाकी कव्हरांत बांधलेली, मराठीत उतरवलेली
लांबच्या पश्चिमेची माळरानं.
वडील पाठीवर नुसता नंबर टाकत,
म्हणत, नावं काय, सगळी एकाच घरची :
कुणाची खिंड, कुणाचा सूड,
आणि एक जण एकटा, गावात शिरताना.

पानांतून वाळू पडायची. खरी.
फौंड्रीची, काळी, साच्यातली.
पहिली पाळी सुटली की पोरं हात न धुता
थेट घोड्यावर बसायची.

सुभाषनगरातून दत्तोबा वाटकर यायचे,
बोटांना हिरड्याचा वास, चष्म्याला दोरा.
"चारशे मैल घोडा पळवला ह्यानं,
आन् खोगिराचा एक टाका उसवंना?
कुणी शिवलंय त्ये तरी लिव्हायचं की, लेकाच्यानं."
तरी पुढच्या शनिवारी हजर.
जिथं कातड्याचं नाव निघेल, तिथं समासात
आरीनं एक बारीक भोक.
वडलांनी पाहिलं. बोलणं बंद नाही केलं.

गंगावेशीतल्या हिंदुराव गवळ्याचा प्रश्न वेगळा :
"तीन हजार गुरं. धार कोण काढतंय?"
उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
महिनाभर तो त्याच काळजीत होता,
मग म्हशी कट्ट्याकडं नेताना
शिट्टी मारायला लागला.

सुवार्ता सिस्टर सीपीआरच्या रात्रपाळीला वाचायच्या.
पेन्सिलीनं, सुवाच्य :
"गोळी इथं लागली तर हात इतका वर जाणार नाही."
आणि खाली, बहुधा पहाटेच्या राउंडनंतर,
"पण वाचला, बरं झालं."

एकशे सतराची शेवटची आठ पानं नव्हती.
तो दावणीतून घोडा सोडतो,
ती कुंपणापाशी कंदील घेऊन उभी,
तो तोंड उघडतो,
आणि पुठ्ठा.

तक्रार एकाचीही नाही.
उलट त्याच पुस्तकाला नंबर लागायचे.
जाणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं,
खासबागेत डाव ठाऊक असतो, तरी मैदान भरतंच ना, तसं.
पण काउंटरवर कोपर टेकून
प्रत्येक जण त्याला थांबवून बघायचा.
"बुटाचं तळवं बघा त्येच्या," दत्तोबा म्हणायचे,
"त्या तळव्यावर मानूस लांब जात न्हाई."

वडील गेल्यावर गल्ल्याखालचा खण उघडला.
एकशे सतराची दुसरी प्रत, अख्खी.
रविवारच्या जुन्या बाजारातली, दोन रुपयांची पावती आत,
तारीख मी सातवीत होतो तेव्हाची.
म्हणजे इतकी वर्षं त्यांच्याकडं शेवट होता
आणि त्यांनी तो भाड्यानं दिला नाही.

मी तिथंच उभ्यानं वाचला.
गेला.
जसा ठाऊक होता तसाच, एक शब्दही नवा नाही,
टेकडी, धूळ, टोपीची कड.
तरी मी पुस्तक मिटलं नाही बराच वेळ,
शेजारच्या शेडीत लेथ बंद झाला
तेव्हा कळलं, इतका वेळ चालू होता.

मग जुनी प्रत काढली.
बल्बसमोर एक पान धरलं सहज :
दत्तोबांच्या आरीची भोकं, उजेडानं भरलेली,
माळावर रात्र पडलेली.

आता वाचनालय बंद होऊन अकरा वर्षं.
परवा बिंदू चौकात दत्तोबा दिसले, नातवाच्या खांद्यावर हात.
मला ओळखायला जरा वेळ लागला,
घोड्याला लगेच :
"काय रं, गेला का ऱ्हायला त्यो?"

मी म्हणालो,
अनामत पाच रुपये.