दातांनी ऐकलेलं इंजिन

सेवेरो म्हणाला, पहाटे चारला कशाला,
दुपारी या, उन्हात गाडी नीट दिसेल.
म्हणूनच आम्ही पहाटे चारला गेलो.

उयुनीत जुलैची पहाट म्हणजे
बादलीतल्या पाण्यावर बोटभर बर्फ,
कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात.
हातमोजा काढून मी बॉनेटवर तळवा ठेवला.
गार. दगडासारखं गार.
बरं झालं.
आधीच तापवून ठेवलेलं इंजिन म्हणजे
उसने दागिने घालून उभी केलेली नवरी.

मीटरवर एक लाख ऐंशी हजार.
क्लचच्या पेडलवरचं रबर मात्र झिजून गुळगुळीत,
कडेला लोखंड उघडं.
मीटर मागे फिरवता येतं,
त्या पेडलवर पडलेले पाय कोण उचलणार?
मी बोलले काहीच नाही.
तेलाचं झाकण काढून आतून बोट फिरवलं:
काळं. नुसतं काळं.
साईसारखा पांढुरका थर कुठे नाही,
म्हणजे पाणी अजून पाण्याच्या वाटेनं जातंय
आणि तेल तेलाच्या.

सेवेरोनं किल्ली फिरवली.
एकदा खोकलं. परत खोकलं.
तिसऱ्यांदा धरलं.
धूर आला तो काळा. काळ्याला मी भीत नाही,
साडेतीन हजार मीटरवर हवाच अर्धपोटी,
इथं प्रत्येक डिझेल काळंच ओकतं.
मी वाट बघत होते निळ्याची.
निळा म्हणजे इंजिन स्वतःचंच तेल पितंय,
आणि पिणाऱ्याच्या शपथा
आमच्या घरानं पुष्कळ ऐकल्यात.
निळा आला नाही.

मग ताता पुढे झाले.
ताता बावीस वर्षं बहिरे.
अर्धे कान खाणीतल्या कॉम्प्रेसरनं नेले,
उरलेले गॅरेजातल्या घणानं.
खिशातून त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर काढला,
लाकडी मूठ, मुठीवर त्यांच्याच दातांचे वळ,
टोक इंजिनच्या अंगाला टेकवलं,
मूठ दातांत धरली
आणि डोळे मिटले.
सेवेरो हसला.
मग हसायचा थांबला.

पहिला सिलिंडर, दुसरा, तिसरा.
तिसऱ्यापाशी रेंगाळले,
भुवई जराशी वर गेली, खाली आली.
चौथा, पाचवा, सहावा.
मग गाडीखाली सरपटत गेले.
तिथं स्क्रू ड्रायव्हर लागलाच नाही.
चासीला बोट लावलं, बोट आरपार.
मीठ.
वीस वर्षं त्या पांढऱ्या मैदानावर प्रवासी फिरवले,
धुतली कुणी?
विटकरी पोपडे त्यांच्या छातीवर पडले,
चहात भिजलेल्या बिस्किटासारखे.

बाहेर येऊन ते ओरडूनच बोलले,
त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही:
"काळीज अजून तीन लाख किलोमीटर धडधडेल, नेमेसिया!
हाडं पावसाळा बघतील तर नशीब!"
अख्ख्या गल्लीनं ऐकलं.
समोरच्या खिडकीत दिवा लागला.

आता सेवेरोला किमतीचं तोंड उघडवेना.
म्हटलं, मला इंजिन तेवढं हवंय.
तो म्हणाला, सगळीच घेऊन जा बाई,
मीठ मी परत घेत नाही.

आमच्या अंगणात विल्बेरची गाडी उभी आहे.
चासी खणखणीत, इंजिन जळून घट्ट बसलेलं.
काटा लाल रेघेवर गेला होता,
तरी पठ्ठ्यानं तीन तास हाकली,
प्रवाशांची बस चुकू नये म्हणून.
बस मिळाली त्यांना.

परतताना गाडी जिन्यासारखी करकरत होती.
ताता शेजारी बसलेले,
स्क्रू ड्रायव्हरचं टोक डॅशबोर्डला, मूठ दातांत,
लोक रेडिओ ऐकतात तसे.
मी तीन बोटं दाखवली: तिसऱ्याचं काय?
त्यांनी मूठ तोंडातून काढली.
"तोतरा आहे," ओरडले. "बोलू दे त्याला सावकाश."
आणि परत दातांत धरली.

घरी पोचेपर्यंत उजाडलं.
उतरताना सहज नजर गेली,
मीटरवर अजून
एक लाख ऐंशी हजारच.