दुसऱ्या गिअरमध्ये

एक्याण्णव साली मोजणारा आला, गाडीतून उतरलाच नाही.
दुसऱ्या गिअरमध्ये बर्नलीची ही गल्ली बघितली,
ऑर्मरॉडच्या घरापुढं लिहिलं: डी गट.
हिल्डा तेव्हा खिडक्या पुसत होती.
काचा चकाकल्या असतील.

मग बिस्किटांचा कारखाना मिटला,
तळघरात ओल आली,
कालव्यापलीकडे डॉक्टर लोक राहायला आले.
परवा दलाल म्हणाला, तिप्पट येतील.
तळघर उतरून आला आणि म्हणाला,
बरं, दुप्पट.

घरपट्टीच्या कागदावर मात्र
अजून तीच एप्रिलची सकाळ.

अपील कर, शेजारी सांगतात.
ऑर्मरॉड चष्मा पुसतो.
करीन की.
पण मग ते पुन्हा बघायला येतील,
आणि काचा
कधीच्या तशाच आहेत.