निशाणी डावा अंगठा

कोतवाल बुकात ती तीनदा सापडते,
तिन्हीदा वेगळी.
मुलगी झाली तेव्हा ओटिलीबाई जौजे कार्ल मिस्तरी.
दोन पानांनंतर होतलीबाई बेवा कार्ल.
आणि मरते तेव्हा नुसती वटली,
वय अंदाजे साठ, कारण ताप,
जातीच्या रकान्यात: मडम.

रेकॉर्ड रूमचे बोथे बाबू
पान उलटायच्या आधी बोट ओलं करतात.
"तुमची कोन लागे हे?"
पणजीची आई, म्हटलं.
ते माझ्या काळ्या हातांकडे पाहतात
आणि हसत नाहीत, एवढं बरं.

कार्ल जिनिंगचा बॉयलर बसवायला आला होता म्हणतात.
बॉयलर बसला. तिसऱ्या हंगामात तो पटकीनं गेला.
कंपनीनं तिला परतीच्या बोटीचे पैसे दिले का,
दिले तर तिनं काय केलं त्यांचं,
कुठलाच कागद बोलत नाही.
लीनामावशी सांगते, गाय घेतली.
लीनामावशी काहीही सांगते.

घरात तिचं बायबल आहे, कडा वाळवीनं खाल्लेल्या.
शेवटच्या पानावर तिचं अक्षर,
दाट, काटेरी, बाभळीच्या कुपाटीसारखं.
अमरावतीच्या एका निवृत्त बाईंना ते थोडं लागलं:
मुलीचा जन्म. नवऱ्याचं मरण.
त्याखाली एकच शब्द, बाई म्हणाल्या, "आज."
पुढे काही नाही.
शाई होती, जागाही होती.

मग तिकडे लढाई लागली
आणि ठाण्याच्या हजेरीबुकात ती दर सोमवारी दिसते,
शत्रू मुलखातली बाई,
खैरीहून चार कोस पायी.
एकशे बारा सोमवार. मी मोजले.
एकशे बारा अंगठे.

तिला लिहिता येत होतं.
जमादाराला ते वाचता येत नव्हतं.

सुरुवातीचे ठसे स्वच्छ, रेषान् रेष.
पुढे पुढे पुसट होत जातात, मधोमध चिरलेले.
बोथे बाबू म्हणाले,
"कापूस येचनाऱ्या बायाइचे असेच येतात.
बोंडं अंगठा खातात."

फोटो घेतला, फोनवर मोठा केला.
एका सोमवारी ठशाच्या कडेला
त्याच शाईत काहीतरी ओढलंय, नखानं असेल,
शिरोरेषा नाही.
ओटिलीतला ओ, मात्रा द्यायची राहिलेला?
की मात्रा नव्हतीच,
आजमधला आ?

साडेपाच झाले होते.
बोथे बाबू दप्तर बांधायला लागले,
लाल फडकं, दोन गाठी.