शेवटचे दोन बाईट

शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीवरनं
नेजदारांचा धाकटा आला,
सीपीयू काखेत, ढेप धरावी तसा.
"ताई, रात्री लाईट गेली, सकाळपासनं काळा पडदा.
वर एकच ओळ. बघा की."
ती ओळ मी झोपेतही म्हणू शकतो:
ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड.

शकतो म्हणालो. आमच्याकडं बाया असंच बोलतात,
पुण्याची मावसबहीण हसते, हसू दे.

बटण दाबलं की यंत्राला काही म्हणजे काही ठाऊक नसतं.
आपण कोण, कुणाच्या दुकानात,
काल सौद्याला भाव काय निघाला.
बोर्डावरची नखाएवढी चिप तेवढी जागी.
मेमरी आहे का? आहे.
कीबोर्ड? आहे.
एक बारीक टूं.
मग ती डिस्कच्या उंबऱ्यावर जाते,
पहिला सेक्टर उचलते,
पाचशे बारा बाईट, पोस्टकार्डावर मावतील,
आणि सगळा कारभार त्याच्या हवाली करून
बाजूला होते.

त्यातले चारशे सेहेचाळीस म्हणजे नुसता हुकूम:
अमक्या हिश्श्यात जा,
तिथं मोठी मंडळी झोपलीत, उठव त्यांना.

क्लासात सर सांगायचे, बूट करणं म्हणजे
आपल्याच बुटाच्या नाड्या ओढून
आपणच आपल्याला वर उचलणं.
मागनं कुणीतरी विचारलं,
"सर, पायात कोल्हापुरी असली तर?"
वर्ग फुटला. सरही.
उत्तर राहूनच गेलं.

पुढचे चौसष्ट बाईट, वाटणीपत्र.
चार ओळी. सोळा-सोळा बाईटच्या.
कुठनं सुरू, किती लांब, कसला.
पाचवी ओळ नाहीच.
पाचवा आलाच तर त्यानं
कुणाच्या तरी पोटहिश्श्यात राहायचं.

नेजदारांचा हा कागद पुसला होता.
डिस्क धड होती.
सातबारा फाटला म्हणून रान कुठं जातंय?
मी बांध शोधत बसलो, सेक्टरमागनं सेक्टर,
चहा दोनदा गार झाला.
प्रत्येक हिश्श्याच्या डोक्याशी
त्याचा स्वतःचा छोटा बूट रेकॉर्ड असतो,
हद्दीच्या दगडासारखा.
त्रेसष्टाव्यावर पहिला दगड लागला.
दुसरा बराच लांब.
तिसरा अंधार पडल्यावर.
तीन ओळी भरल्या. चौथीत सोळा शून्यं.

पोरगं वाकून बघत होतं.
"एक मोकळीच ऱ्हायली की ताई."
"असती तशी."

बावड्याला आमचं रान. तीन भाऊ आणि मी.
दुय्यम निबंधकाच्या कचेरीत
काचेवर अंगठा, कॅमेऱ्याकडं तोंड,
हक्कसोडपत्र.
आप्पा म्हणाले, "कर गं, माहेर राहतंय."
सही केली. झोकात केली, खाली रेघसुद्धा ओढली.
थोरल्यानं येताना उसाचा रस पाजला.
बर्फच जास्त होता.

शेवटचे दोन बाईट म्हणजे सही.
पंचावन्न, आणि त्यापुढं दोन ए.
सुटे करून मांडले तर
शून्य एक शून्य एक, मग उलटं,
एक शून्य एक शून्य.
ती सही कसला हुकूम देत नाही,
तिच्यात कुणाचा हिस्सा नाही.
पण ती नसली
तर वरचा सगळा मजकूर कचरा,
चिप ओळखच दाखवत नाही.
मी ती हातानं टाइप केली. हळू.

टूं.

पडदा उजळला. कुंभोजचा बाहुबली उभा राहिला,
त्याच्या पायाशी रव्यांचं वजन, उधारी,
आणि कुणाच्या तरी लग्नाचे फोटो.

"किती झालं?"
"साडेतीनशे."
"तीनशे घ्या की वं."
घेतले.

त्या पाचशे बारा बाईटची एक नक्कल
मी पेन ड्राइव्हवर ठेवलीय, नाव घालून.
चौथ्या ओळीचं म्हणाल तर
डिस्कच्या शेवटाला खरं तर जागा आहे,
कुणाच्याच नावावर नसलेली.
मोजून बघितली. चाळीस जीबी भरली.
पोराला बोललो नाही.