चौथं कडवं

इरीस बेत्तारीनीची गाणी तीन कडव्यांची असत.
चौथं एकाच गाण्याला होतं,
ते तिनं माझ्या स्वयंपाकघरात लिहिलं, वीजबिलाच्या पाकिटावर,
मी चण्याच्या पिठाचं धिरडं पावात घालत होतो तेव्हा.
तेलाचा डाग अजून आहे त्यावर.

लिव्होर्नोच्या गोदीत संपाचा एकतिसावा दिवस.
लिबेच्चो वारा तीन दिवस घोंघावत होता,
पत्रकं हातात ठरत नव्हती.
इरीस स्टेजवर कमी, तीनचाकी टेम्पोत जास्त:
बटाट्याची पोती, सह्यांचे कागद, पक्षाचा भोंगा,
आणि सगळ्याच्या तळाशी ब्लँकेटात गुंडाळलेली गिटार,
तापलेल्या मुलासारखी.
म्हणायची, "गाणं काय, कुणीही म्हणेल.
दूध वेळेवर पोचलं पाहिजे."
वर्गणीची वही तिच्याच अक्षरात आहे.
लिरांचा हिशेब चोख, यमकांचा जरा ढिला.

त्या सकाळी दुइलियो फाटकातून आत गेला.
एकटा. कॉलर वर केलेली.
दुपारी आम्ही सात नंबरची क्रेन हलताना पाहिली,
रिकाम्या धक्क्यावर तो लांब हात
काही उचलत नव्हता, नुसता फिरत होता.

रात्री कमिटीत इतालो म्हणाला, गाण्यात त्याचं नाव हवं.
तिनं घातलं.
यमक चांगलं सापडलं, हेच वाईट झालं.

पहिल्यांदा म्हटलं तेव्हा चारशे माणसं हसली,
महिन्याभरात पहिल्यांदाच.
खोटं कशाला बोलू, मीही हसलो.
अकॉर्डियन माझं होतं,
माझ्याच भात्यातून सुटलं ते.
दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात,
मग पोरींच्या दोरीउड्यांना ठेका म्हणून,
आणि रविवारी दुइलियोच्या खिडकीखाली.
खिडकीच्या झडपा त्यानंतर उघडल्या नाहीत.

दुधाच्या यादीत त्याचंही घर होतं.
कुणी खोडलं नव्हतं; यादी इरीसकडे होती.
दार बायकोनं उघडलं. बाटली घेतली.
"चाल छान आहे हो," म्हणाली,
"आमच्या लहानीला पाठ झालीय.
खूश आहे. म्हणते,
सगळं गाव बाबांचं गाणं म्हणतंय."

हे इरीसनं मला टेम्पोत सांगितलं,
पुढचा रस्ता बघत, वायपर चालू ठेवून.
पाऊस नव्हता.

शनिवारी लोकगृहात तिनं तीन कडवी म्हटली आणि थांबली.
मी भाता धरून ठेवला.
मागून कुणीतरी सुरुवात केली,
मग अख्ख्या सभागृहानं, तिच्यावाचून, चौथं.
तिचा तळवा तारांवर सपाट दाबलेला,
आणि खाली तारा थरथरतच होत्या.

सभेच्या इतिवृत्तात आहे, पान बावन्न:
कॉम्रेड बेत्तारीनी यांनी कडवं मागे घेतलं.
खाली इतालोच्या हिरव्या शाईत:
कडवं आता संपकऱ्यांचं आहे, मागे घेता येत नाही.

तिनं पक्ष सोडला का, लोक विचारतात.
दुसऱ्या पहाटे पाचला ती फाटकावर होती,
बुटांत वर्तमानपत्र कोंबून,
सुपाचं पातेलं ढवळत, कुणाशी न बोलता.
संप आम्ही अर्धा जिंकलो. कोणता अर्धा, त्यावर अजून वाद होतात.
दुइलियो मार्चमध्ये गाव सोडून गेला,
ट्रकवर पलंग उलटा बांधून.

इरीसला पोचवायला परवा लाल झेंडे आले, बँड आला,
आणि ते गाणं आलंच.
तिसऱ्यानंतर मी भात्याचा पट्टा लावून टाकला.
गोदामांतली नवी पोरं म्हणत राहिली.
दुइलियोची जागा आता ज्याच्या त्याच्या मॅनेजरला मिळते.
यमक जुळत नाही.
बरं आहे.