अठ्ठावीसचा

जिनिंगच्या वजनकाट्यावर बसते मी.
कापूस आटोपला की एप्रिलपासून
काटा नुसता उन्हात पडून असतो
आणि माझ्या पहाटा रिकाम्या होतात.

त्या पहाटांसाठी घेतली ही सायकल,
वाकड्या हॅन्डलची, तिसऱ्या हाताची.
नागपूरच्या कुण्या पोरानं शर्यती सोडल्या, तेव्हा विकली.
टायर त्याचेच होते, तेवीसचे,
करंगळीएवढे, चिडल्यासारखे ताठ.
रोहण्याच्या रस्त्यावर गिट्टीची चुरी सांडलेली असते,
तिथं प्रत्येक खडा
थेट दाढेला येऊन भेटायचा.

मागचा गेला, तो रस्त्यावर नाही.
पहाटे कडक हवा भरून फिरून आले,
सायकल टिनाखाली टेकवली आणि झोपले.
दुपारी दोनला असा आवाज झाला
की शेजारच्या ढोलेबाई
कुरड्यांचं पातेलं तसंच टाकून धावल्या,
कोण मेलं ते पाहायला.

मोबाइलवर पाहिले टायर.
एक होता बत्तीसशेचा. जोडी नव्हे, एक.
त्यावर बसून एक गोरा माणूस
ढगांतून चालला होता, हिरव्या डोंगराच्या कडेनं.
मी खिडकीबाहेर पाहिलं.
बाहेर सेहेचाळीस होतं.

मोहोडांच्या दुकानात टायर दारातच टांगलेले.
चारशे ऐंशी. मी हात घातला, तर म्हणाले,
“तो नोको घेऊ. दोन उन्हाळे लटकून हाय. नख लाव.”
नख लावलं. बारीक भेगा उघडल्या,
टाचेला पडतात तशा.
“मंग इकता कायले?”
“इकत नाई. तो दुकानाचा बोर्ड हाय.”
हसले नाहीत सांगताना.

मग आतल्या पत्र्याच्या पेटीतून
जुन्या पेपरात गुंडाळलेला एक काढला.
तारेच्या कडेचा, अठ्ठावीसचा, सहाशे तीस.
कोपऱ्यात नेऊन हुंगला. मलाही हुंगायला दिला.
“ताजा रबर असा वास देते. शिळ्याले वासच नसते.”
ब्रेकच्या कमानीखाली दोन रुपयांचं नाणं सरकवलं,
ते अडकलं नाही.
“बसते. तीसचा असता तं घासला असता.”
जड आहे, हेही त्यांनीच सांगितलं,
मी विचारायच्या आत.

जड म्हणजे किती, हा माझा धंदा आहे.
संध्याकाळी जिनिंगवर नेला
आणि लोखंडी पाट्यावर ठेवला, मधोमध.
काटा दहा किलोखाली काही मानत नाही.
ट्रकच्या ट्रक मोजलेला तो
शून्यावर बसून राहिला.
मला तेवढं पुरलं.

ट्यूब आणि टायरच्या मध्ये
मोहोडांनी जुन्या ट्यूबची पट्टी घातली, काट्यांसाठी.
तिचे पैसे घेतले नाहीत. हवा भरताना मात्र
पंपावरचा माझा हात धरला.
“पुरे. सकायी दाबून भरू नोको.
बाकीची ऊन भरते.”

आता पावणेपाचला निघते.
डांबर रात्रभर निवून काळं, घट्ट झालेलं असतं.
चुरी येते, तेव्हा मागचं चाक
काहीतरी पुटपुटतं आणि पुढे जातं.
परतताना साडेसात होतात, कधी आठ,
तोवर रस्ता मऊ पडतो, चिट्‌ चिट्‌ चिकटतो,
पाय खेचून घेतो, वेग देत नाही.
इथं बत्तीसशेवाला असता,
तोही असाच चिकटला असता.
असं मी स्वतःला सांगते.
खरं काय ते माहीत नाही.

परवा पुलाजवळ थांबून चाक फिरवून पाहिलं,
बाभळीचा काटा रुतलेला, अर्ध्या बोटाएवढा.
उपटावा की राहू द्यावा, बराच वेळ ठरेना.
शेवटी उपटला. कान लावला.
आत काही बोलत नव्हतं.

पुढचा अजून तेवीसचाच आहे.
पगार दहा तारखेला.