१ नग

डी एक्केचाळीस सी ई.
अण्णांनी चिठ्ठी वाचली, म्हणाले,
"हा गिटारीचा नंबर, का टेम्पोचा?"

शाहूपुरी, दुसरी गल्ली. मुजावरांनी चष्मा कपाळावर सारला
आणि पावट्याची शेंग सोलावी तसं नाव सोललं:
डी, म्हणजे रुंद छातीची, कंबर असून नसल्यासारखी.
एक्केचाळीस इंच लांबी.
सी, एक खांदा कापलेला, बोटं खालच्या पट्ट्यांपर्यंत पोचावीत म्हणून.
ई, वायर जोडायची सोय.
शेजारी ओएम टांगलेली. हिला कंबर आहे.
तालमीतल्या बारक्या पोरासारखी,
जे शड्डू ठोकत नाही, पण हातातून निसटतं.

"लाकूड कंचं?"
इथून पुढं दुकान अण्णांचं.
टिंबर मार्केटात तीस वर्षं करवतीसमोर,
उजवी करंगळी तिथंच राहिलेली.

वर स्प्रूस, मागं न् बाजूला रोजवूड.
स्प्रूस त्यांनी कधी चिरलं नव्हतं.
बर्फातलं झाड, मुजावर म्हणाले, सावकाश वाढतं.
"मग बरंय."
आणि रोजवूडवर तळहात ठेवून, "ही आपली शिसवी की.
हिचे पलंग केले, देव्हारे केले.
गिऱ्हाईक वजन बघायचं.
वाजवून कुणी बघितलं न्हाई. मीबी न्हाई."

मग भोकाच्या काठावरून अंगठा फिरला. थांबला.
वरच्या रेघा काठावरून आत उतरत नव्हत्या.
तीन थर. मधला आडवा.
"मुजावर, हे प्लाय हाय."
"सॉलिड असं कुठं लिहिलंय?" मुजावर हळूच म्हणाले,
"नुसतं स्प्रूस लिहिलंय.
न लिहिलेलंही वाचावं लागतं, अण्णा."

मी नववीत.
मला निळी हवी होती.

ओएम घेतली. पाठ महोगनीची, तोंड एकसंध स्प्रूसचं,
चार हजार जादा, दोन हप्त्यांत.
अण्णांनी भोकात नाक घालून वास घेतला,
एक टिचकी मारली
आणि आवाज पुरता विझेपर्यंत
कुणाला बोलू दिलं नाही.

काल सगळ्या तारा एकदम काढल्या.
टॉर्च लावून आत बघितलं:
कंपनीची चिठ्ठी, छापील अक्षरं,
आणि खाली सुतारी पेन्सिलीनं,
ओंडक्यावर आकडा घालायचे त्या तिरक्या हातानं,
१ नग. खरं.

कधी लिहिलं असेल?
तारा चढलेल्या असताना तर हात आत जात नाही.